डेंटल हायजिनिस्टला रजिस्ट्रेशन लागतं का, आणि कौन्सिलवर त्यांचा कोणी प्रतिनिधी असतो का?

हो, लागतं. 1948 च्या डेंटिस्ट्स ॲक्टमध्ये हायजिनिस्टची व्याख्याच आहे, म्हणजे दात स्केल (दातांवर साचलेला कडक थर काढणं), क्लीन, पॉलिश करणारी किंवा दातांच्या स्वच्छतेचं शिक्षण देणारी, पण डेंटिस्ट नसलेली व्यक्ती, आणि त्यांचं रजिस्टर डेंटिस्टच्या रजिस्टरपेक्षा वेगळं असतं. मुंबईत काम करायचं तर महाराष्ट्र स्टेट डेंटल कौन्सिलकडे नाव नोंदवायचं.

प्रतिनिधित्वाचं म्हणाल तर तिथे मला खरंच वाईट वाटतं. त्याच कायद्यात स्टेट कौन्सिलवर डेंटिस्टनी निवडून दिलेले डेंटिस्ट, डेंटल कॉलेजचे प्रमुख, मेडिकल कौन्सिलचा एक जण, सरकारने नेमलेले लोक असं सगळं लिहिलंय, हायजिनिस्टने निवडून दिलेली एकही जागा नाही. म्हणजे फी भरा, नियम पाळा, पण नियम ठरवताना तुमचा माणूस नाही, आणि रोज पेशंटच्या तोंडात हात घालून काम करणाऱ्यांबद्दल हे बरोबर नाही असं माझं ठाम मत आहे.

दुसरीकडे बघा, अमेरिकेत कॅलिफोर्नियात हायजिनिस्टचं स्वतःचं बोर्ड आहे, आधी ती कमिटी होती, 2019 पासून बोर्ड झालं. त्यात 9 जण, पैकी 4 हायजिनिस्ट, 4 सामान्य नागरिक आणि डेंटिस्ट फक्त 1.

आपल्याकडे 2023 मध्ये संसदेने नॅशनल डेंटल कमिशनचा नवा कायदा मंजूर केलाय, 1948 च्या कायद्याच्या जागी, त्यात हायजिनिस्ट डेंटल ऑक्झिलरीमध्ये, म्हणजे डेंटिस्टच्या सहायकांच्या गटात, येतात आणि त्यांचंही नॅशनल रजिस्टर ठेवायची तरतूद आहे. तुम्ही कोर्स करत असाल तर ॲडमिशनआधी कॉलेजची मान्यता नक्की तपासा, कारण रजिस्ट्रेशन त्यावरच अडतं.