दुसऱ्या कोसाचा हिशोब

प्रिय बाळ,

प्रभूमध्ये सलाम.

तुझा रात्री दीड वाजता आलेला मेसेज सकाळी वाचला. ड्युटी संपल्यावर तू त्या सुरगाण्याच्या आजीजवळ तिचा मुलगा येईपर्यंत बसलीस. दुसऱ्या दिवशी बरोबरीच्या सिस्टर उखडल्या, की तू असं करायला लागलीस तर उद्या आमच्याकडूनही हेच मागतील. इकडे ही गोष्ट पाळकसाहेबांच्या कानावर गेली. रविवारी सूचनांच्या वेळी तुझं नाव घेतलं गेलं आणि पाठोपाठ संडे स्कूल, बुधवारची घरगुती प्रार्थना, नाताळची नाटिका, सगळं तुझ्या गळ्यात. आणि तू मला विचारतेस, काका, किती केलं म्हणजे पुरे?

वाचून भरून आलं आणि रागही आला. ‘किती’ हा शब्दच कशाला काढतेस?

मी आयुष्यभर नाशिकरोडच्या प्रेसमध्ये चाकरी केली. नोटा छापायची जागा, तिथे मोजणं हाच धर्म. कोरा कागद मोजा, छापलेला मोजा, खराब झालेला तर दोनदा मोजा. तिथे ते बरोबरच आहे. पण तीच सवय घेऊन देवळात येणारे मी खूप पाहिले. दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, दिला, पावती घेतली, सुटलो. त्यांच्यात तू जाऊन बसू नकोस.

कुणी वेठीला धरून एक कोस नेलं तर त्याच्याबरोबर दोन कोस जा, असं प्रभू म्हणाला. ऐकणाऱ्यांना ती वेठ पाठ होती. रोमी शिपाई वाटेवरच्या कुणालाही धरून ओझं वाहायला लावत. शेतावरून येणाऱ्या कुरेनेकर शिमोनाला प्रभूचा क्रूस वाहायला असंच धरलं होतं. पहिला कोस शिपायाचा असतो. दुसरा कुणी सांगत नाही, म्हणून तो तुझा. आणि तो तुझा आहे म्हणूनच तो कुणी मागू शकत नाही. हे वाक्य परत वाच. ‘तू एवढी चांगली आहेस, मग हेही कर’ असं मंडळीच्या कमिटीने म्हटलं की तो पुन्हा पहिला कोस झाला. वेठच ती, गोड बोलून धरलेली. तिला नाही म्हणता येतं. नाही म्हटल्याने प्रभू रागावत नाही, सेक्रेटरी रागावतात.

तुझ्या सिस्टर लोकांवर चिडू नकोस. त्यांची भीती खरी आहे. माणसं कमी असली की व्यवस्थापन असल्या फुकटच्या तासांवर डोळा ठेवतंच. म्हणून आजीजवळ बसलेला वेळ रजिस्टरवर येऊ देऊ नकोस, आणि इन्चार्जने ते गृहीत धरलं तर तिथल्या तिथे तोंड उघड.

शरणपूर रोडवरून रोज येतेजातेस ना? त्या शरणपुरात मिशनच्या वस्तीत एके काळी आफ्रिकेतली मुलं राहत होती. गुलामांच्या गलबतांतून इंग्रज आरमाराने सोडवलेली. इथे ती शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली, बाप्तिस्मा घेतला. त्यांतला जेकब वेनराइट १८७२ मध्ये आणखी काही नाशिककर पोरांबरोबर आफ्रिकेत फिरणाऱ्या स्कॉटिश मिशनरी डॉक्टर लिव्हिंगस्टनच्या तांड्यात गेला. पुढच्याच वर्षी, मे १८७३ मध्ये, आज झांबियात असलेल्या चितांबोच्या गावी डॉक्टर वारले. चाकरी तिथे संपली. तिथेच पुरून परत फिरले असते तर कुणी बोल लावला नसता. पण त्या लोकांनी काळीज झाडाखाली पुरलं, जेकबने प्रार्थना म्हटली आणि खोडावर नाव कोरलं. देह मीठ लावून उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला आणि समुद्राची वाट धरली. वाटेत कॅमेरॉन नावाचा इंग्रज अधिकारी भेटला. डॉक्टरांच्या मदतीलाच निघालेला. तो म्हणाला, इथेच पुरा. म्हणजे साहेबाची परवानगीसुद्धा मिळाली! तरी ते थांबले नाहीत. दीड हजार किलोमीटरच्या वर चालून फेब्रुवारी १८७४ मध्ये ते किनाऱ्याला लागले.

१८ एप्रिलला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा जेकब शवपेटीबरोबर होता. ज्यांनी वाटभर सगळ्यांना धरून ठेवलं त्या सुसी आणि चुमा या डॉक्टरांच्या जुन्या आफ्रिकी चाकरांना मात्र किनाऱ्यावरच पगार देऊन मोकळं केलं होतं. पगार मिळाला तो पहिल्या कोसाचा. आपल्याकडे डॉक्टरांवर प्रवचनं होतात, या पोरांवर होत नाहीत, हे मला कायम खुपतं. खुद्द नाशकात!

आता माझं ऐक. शिफ्ट सुटली की मी सिव्हिलच्या वॉर्डात जायचो. ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी औषध आण, पोस्टकार्ड लिहून दे, असली कामं. ओव्हरटाइम सोडला. बरोबरच्यांचे बंगले झाले, मी जेल रोडला दोन खोल्यांतच आहे. मुलगी एकदा म्हणाली, “पप्पा, तुम्हाला परक्यांच्या गोळ्या पाठ, माझी परीक्षा कधी ते ठाऊक नाही.” ती खोटं बोलत नव्हती. अजून सलतं ते. पण वॉर्डात गेलो नसतो तर घरी बसून तिचा अभ्यास घेतला असता, असं मला काही वाटत नाही. चौकात गप्पा हाणल्या असत्या. हे मी स्वतःची बाजू मांडतोय, कळतंय मला. मांडू दे. इतकी वर्षं कुणी विचारलं नाही.

आणि ‘किती’चं उत्तर हवंच असेल तर बेथानीच्या त्या बाईकडे बघ. तिने प्रभूच्या डोक्यावर ओतायला सुगंधी तेलाची कुपी फोडली तेव्हा हिशोबाला बसलेले बाहेरचे नव्हते, घरातलेच होते, प्रभूचे शिष्य. तीनशे दिनार, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षाची मजुरी, वाया गेली म्हणाले! प्रभू एवढंच म्हणाला, तिला जे करता आलं ते तिने केलं. तिच्याकडे कुपी एकच होती, बाई. दुसऱ्या दिवशी दुसरी आण, असं तिला कुणी सांगितलं नाही. तू सलग नाइट करून बुधवारी डोळे मिटत प्रार्थना चालवणार, त्यात कुणाचं भलं आहे? झोप काढ.

संडे स्कूल ठेव, पोरं तुझ्याजवळ टिकतात. बुधवार सोड, आणि ते स्वतः जाऊन सांग, फोनवर नको. नाटिकेचं मी सेक्रेटरींशी बोलतो, ते तसेही माझ्यावर चिडलेलेच असतात.

आजीला पुढच्या तपासणीला कधी बोलावलंय ते तिच्या मुलाला विचारून ठेव. संध्याकाळची एसटी चुकली तर त्यांना इथे थांबायला जागा नसते. आमची पुढची खोली रिकामी आहे, सांग त्यांना.

तुझा,
काका