ग्रामपंचायत गावाच्या आरोग्यासाठी खरोखर काय करू शकते?

ताई, आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. गावच्या आरोग्य समितीचे अध्यक्षपद नव्याने आपल्याकडे आले आहे, गावात डॉक्टर नाही आणि समितीच्या खात्यात फारसे पैसे नाहीत. अशा वेळी ग्रामपंचायत करणार तरी काय, हा पहिला भाग. आरोग्य खाते, अंगणवाडी, बचत गट आणि बाहेरची एखादी संस्था यांना एका कामात कसे गुंतवायचे, हा दुसरा. मी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात आरोग्य सहाय्यक होतो आणि आता निवृत्त आहे. नोकरीच्या निमित्ताने बऱ्याच ग्रामपंचायतींचा कारभार जवळून पाहिला, त्या आधारे लिहितो.

आरोग्य हा आपला विषयच नाही, अशी अनेक सरपंचांची समजूत असते आणि तिला थोडा आधारही आहे, कारण डॉक्टरची नेमणूक, औषधांची खरेदी आणि नर्सबाईंची बदली यांपैकी काहीही ग्रामपंचायतीच्या हातात नसते. परंतु 1992 च्या 73व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत जे 29 विषय आहेत, त्यांत पिण्याचे पाणी, आरोग्य व स्वच्छता, महिला व बालविकास हे विषय स्पष्टपणे नोंदवलेले आहेत. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण विभागातील नोंदवही चाळून पाहावी. जुलाब, कावीळ, ताप, डेंग्यू, खरूज, अशक्त बाळ, दारूने पोट बिघडलेला माणूस, अशा रुग्णांवर दवाखाना उपचार करतो. मात्र त्यांच्या आजाराचे मूळ पाण्याची टाकी, गटार, अंगणवाडी आणि गुत्ता या ठिकाणी असते. तेथे दवाखान्याचा हात पोहोचत नाही, ग्रामपंचायतीचा पोहोचतो. म्हणून पहिल्याच वर्षी आरोग्य शिबिर घेण्याचा किंवा रुग्णवाहिकेची मागणी करण्याचा मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. शिबिराला गर्दी होते, फोटो निघतात, रक्तदाबाच्या गोळ्या आठवडाभर पुरतात आणि पुढे काहीच होत नाही.

सुरुवात पाण्यापासून करावी. टीसीएल म्हणजे पाणी शुद्ध करण्याची ब्लीचिंग पावडर प्रत्येक ग्रामपंचायत विकत घेते आणि ती टाकल्याची नोंद नोंदवहीत रोज होते, तरीही गॅस्ट्रोची साथ येते. याची कारणे बहुधा अगदी साधी असतात. ताज्या टीसीएलमध्ये साधारण 33 टक्के क्लोरीन असतो. पण पोते तोंड उघडे ठेवून टाकीखालच्या दमट खोलीत पडून राहिले की क्लोरीन उडून जातो, आणि त्याचे प्रमाण 20 टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरण्यायोग्य राहत नाही. अशी निकामी पावडर कितीही टाकली तरी ती चुना टाकल्यासारखीच. हजार लिटर पाण्याला 5 ग्रॅम हे चांगल्या पावडरचे माप झाले. ती बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरचे निवळ पाणी टाकीत ओतायचे आणि निदान अर्धा तास थांबून मगच पाणी सोडायचे असते. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला हे कोणी एकदा तरी समोर उभे राहून दाखवले आहे का, याची चौकशी करावी. आपल्याला धक्का बसण्याची शक्यता आहे.

पाणी शुद्ध झाले की नाही, हे ओटी टेस्टने, म्हणजे ऑर्थोटोलिडीन या औषधाने केलेल्या क्लोरीनच्या तपासणीने, दोन मिनिटांत कळते. नळाचे पाणी छोट्या नळीत घेऊन त्यात या औषधाचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पाणी पिवळे होते. यातली मेख अशी की ही तपासणी बहुतेक वेळा टाकीजवळच्या पहिल्या नळावर केली जाते आणि तेथे रंग हमखास येतो. ती गावाच्या शेवटच्या नळावर केली पाहिजे आणि तेथे क्लोरीन किमान 0.2 पीपीएम (दहा लाख भागांत 0.2 भाग) मिळाला पाहिजे. शेवटचा नळ पुष्कळ गावांत दलित वस्तीत किंवा पारधी, भिल्ल, कातकरी वस्तीत असतो. तेथपर्यंत जाणारी वाहिनी गटारातून जाते, व्हॉल्व्हच्या कुंडीत सांडपाणी साचलेले असते आणि पाणी बंद झाल्यावर रिकाम्या नळात ते सांडपाणी ओढले जाते. साथीच्या वेळी आम्ही रुग्णांची घरे नकाशावर मांडत असू, तेव्हा ती अशाच एखाद्या गळतीच्या पुढे रांगेने दिसत. गळती काढायला प्लंबर, दोन जोड आणि एक दिवस लागतो. साथ आटोक्यात आणायला अख्खे आरोग्य पथक मुक्कामाला यावे लागते.

पाण्याच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर असे वर्षातून दोनदा होते आणि त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. आपल्या गावाला कोणते कार्ड मिळाले आणि ते कोणत्या उणिवांमुळे, ही माहिती तालुका आरोग्य अधिकारी कार्यालयात मिळेल. ती ग्रामसभेत वाचून दाखवावी. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासणीच्या संचाचे प्रशिक्षण द्यायचे असते. आपल्या गावात त्या महिला कोण, हे शोधून काढावे. नावे कागदावर सापडतील आणि पेटी एखाद्या कपाटात सापडेल. त्या पाच जणींना शेवटच्या नळाची जबाबदारी दिलीत तर खर्च न करता कायमची देखरेख सुरू होते, आणि पाणी सोडणाऱ्याला कोणीतरी रोज विचारणारे आहे हे ठाऊक झाले की त्याच्या नोंदवहीतील नोंदीही खऱ्या होऊ लागतात.

सांडपाण्याबाबत नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाचे उदाहरण अवश्य पाहावे. गटारे बांधण्याच्या मागे न लागता तेथे घरोघर शोषखड्डे, म्हणजे सांडपाणी जमिनीत जिरवणारे खड्डे, घेतले गेले. गटारच वाहत नाही म्हटल्यावर डबकी राहिली नाहीत आणि डासही हटले. ही पद्धत पुढे जिल्हाभर पसरली आणि रोजगार हमी योजनेतून शोषखड्ड्यांना मजुरी व साहित्य मिळू लागले. येथे एक सावधगिरी सांगणे भाग आहे: चोपण किंवा चिकण काळ्या मातीत, किंवा विहीर अगदी जवळ असताना, शाखा अभियंत्याला जागा दाखवल्याशिवाय खड्डा घेऊ नये. डेंग्यूचा डास मात्र गटारात वाढत नाही. तो घरातल्या रांजणात, टायरमध्ये आणि कूलरमध्ये स्वच्छ पाण्यावर वाढतो. अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळला, म्हणजे पाण्याची सगळी भांडी रिकामी करून कोरडी केली, तर साखळी तुटते. धूर फवारणीची मागणी प्रत्येक ग्रामसभेत होते, परंतु धुराने उडते डास तेवढे मरतात आणि रांजणातल्या अळ्या तशाच राहतात. फवारणी यंत्राच्या डिझेलवर होणारा खर्च म्हणजे बऱ्याच अंशी लोकांच्या समाधानाचा खर्च होय.

कुपोषणाच्या बाबतीत ग्रामपंचायतीने अंगणवाडीकडे इमारत म्हणून न पाहता तिथल्या वजनकाट्याकडे पाहावे. काटा बिघडलेला असेल तर सगळी आकडेवारी अंदाजाची असते. दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरलेले मूल तीव्र कुपोषित समजले जाते. अशा मुलांसाठी अंगणवाडीतच ग्राम बालविकास केंद्र चालवून दिवसातून अनेक वेळा आहार देण्याची सोय आहे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा 10 टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करावा असे निर्देश आहेत. हा पैसा मी खुर्च्या, सतरंज्या आणि हळदीकुंकवाच्या वाणावर गेलेला पाहिला आहे. त्यातून काटा, पाण्याचा फिल्टर आणि बालविकास केंद्राच्या दिवसांत अंडी-गूळ-शेंगदाणे घेता आले असते. आईला रोजंदारीला जावे लागते म्हणून मूल केंद्रात येत नाही, ही अडचण मात्र अंगणवाडी सेविका सोडवू शकत नाही. अशा वेळी शेजारची आजी किंवा बचत गटातील एखादी बाई केंद्राच्या दिवसांत मुलाला ने-आण करेल, अशी व्यवस्था आपल्यासारख्या सदस्यच लावू शकतात.

आता प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे वळतो. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली आणि तिला वर्षाला 10,000 रुपयांपर्यंत अबंधित निधी, म्हणजे गरजेप्रमाणे खर्च करता येणारा पैसा, मिळतो. रक्कम लहान आहे, परंतु सरपंच किंवा सदस्य, आशा, अंगणवाडी सेविका, आरोग्य सेविका आणि गावकरी यांना एका सतरंजीवर बसवणारी दुसरी जागा गावात नाही. बहुतेक ठिकाणी तिची बैठक म्हणजे घरोघर फिरवून घेतलेल्या सह्या असतात. आपण महिन्याच्या ग्राम आरोग्य व पोषण दिवशी, सगळ्या जणी अंगणवाडीत असतातच तेव्हा, लसीकरण आटोपल्यावर तासभर बैठक घ्यावी आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारावा: या महिन्यात तुमचे कोणते काम कशामुळे अडले? उपकेंद्राला वीज नाही, आशाताईंना रानातल्या वस्तीवर जायला रस्ता नाही, गरोदर बाईला तालुक्याला न्यायला गाडी मिळाली नाही, अशी उत्तरे येतील. यांतील निम्म्या अडचणी ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील असतात आणि त्यांतली एक जरी पुढच्या बैठकीपूर्वी सुटली तर लोक आपणहून येऊ लागतात.

आरोग्य खात्याला प्रश्न विचारण्याचा हक्क समितीला आहे, आणि तो शिस्तीने कसा वापरायचा हे महाराष्ट्रात करून दाखवले गेले आहे. 2007 पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याची साथी ही संस्था राज्यपातळीवर समन्वय पाहत होती. गावकरी स्वतः लसीकरण, उपकेंद्राच्या सेवा, औषधे यांची माहिती गोळा करून हिरवा, पिवळा, लाल अशा रंगांत प्रगतिपत्रक भरत आणि जनसुनावणीत अधिकाऱ्यांसमोर ठेवत. आमच्या खात्यात सुरुवातीला याबद्दल नाराजी होती, हे मी लपवत नाही. परंतु कर्मचाऱ्यांना पुढे जाणवले की औषधांचा तुटवडा किंवा रिकामी पदे ही त्यांचीच गाऱ्हाणी गावकरी वरपर्यंत पोहोचवत आहेत. म्हणून तक्रार व्यक्तीवर न करता सेवेवर करावी; सिस्टर उद्धट आहेत असे न म्हणता, गेल्या महिन्यात उपकेंद्र किती दिवस उघडे होते, असे विचारावे.

स्वयंसेवी संस्थेबद्दल एवढेच सांगेन की तिच्याकडून वस्तू न मागता कौशल्य मागावे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून गावातल्या, पुष्कळदा निरक्षर, बायकांना आरोग्य सेविका म्हणून घडवले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गावातल्या बायकांकडून घरोघर नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग 39 गावांत केला, त्यातून बालमृत्यू मोठ्या प्रमाणात घटले आणि 2011 पासून हेच काम देशभर आशांकडे आले. आज आपल्या गावची आशा दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी सहा भेटी देते, त्याचे मूळ तेथे आहे. दोन्ही ठिकाणी संस्था निघून गेली तरी गावात उरेल असे काहीतरी बायकांच्या हातात दिले गेले. आपल्या गावी एखादी संस्था आली तर ती कोणाला काय शिकवणार, हे ठरावात लिहून घ्यावे.

दारूचा प्रश्न आरोग्याच्या यादीत सहसा कोणी धरत नाही, पण तो धरावा. परवानाधारक दुकान बंद करण्यासाठी 2008 च्या नियमानुसार महिला मतदारांचे मतदान घेता येते आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी कौल दिला तर उभी बाटली आडवी होते. हातभट्टीला हा मार्ग लागू नाही. तेथे पोलीस आणि उत्पादन शुल्क खाते यांनाच ओढून आणावे लागते. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी असूनही 2016 मध्ये शासन, सर्च आणि टाटा ट्रस्ट यांना मुक्तिपथ अभियान सुरू करून गावोगाव संघटना बांधाव्या लागल्या, यावरून नुसत्या बंदीने किती भागते ते समजते.

क्षयरोगमुक्त ग्रामपंचायतीची मोहीम आपल्याकडेही पोहोचली असेल. तिच्या निकषांत मला एक गोष्ट शहाणपणाची वाटते: रुग्ण हजारी एकपेक्षा जास्त नसावेत, एवढ्यावर न थांबता दर हजार लोकांमागे वर्षाला किमान 30 संशयितांची तपासणी झालीच पाहिजे, अशी अट आहे. तपासलेच नाही म्हणून रुग्ण नाहीत, ही पळवाट त्यामुळे बंद होते. वीटभट्टीवरचे आणि ऊसतोडीहून परतलेले मजूर तपासणीतून सुटू नयेत, एवढे आपण पाहावे. रुग्णाला पोषणासाठी मिळणारी रक्कम नोव्हेंबर 2024 पासून महिना 1000 रुपये झाली आहे. बँक खाते आधारशी जोडलेले नसल्यामुळे ती अडकते, आणि त्या कामात ग्रामपंचायतीचा संगणक परिचालक मदत करू शकतो.

पैशाबद्दल शेवटी लिहितो, कारण तो लोक समजतात तितका अपुरा नसतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात ग्रामपंचायतीच्या निधीपैकी 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेली होती. गळती, व्हॉल्व्ह आणि शोषखड्डे यांची कामे त्यातच बसत होती. अनुसूचित क्षेत्रातील गाव असेल तर पेसा या आदिवासी भागातील ग्रामसभांच्या कायद्याखालचा 5 टक्के अबंध निधी वेगळा. अट एकच, काम गावाच्या विकास आराखड्यात आलेले असले पाहिजे. आराखड्यात आरोग्यदायी गाव हा नऊ संकल्पनांपैकी एक विषय आहे आणि त्याच्या ग्रामसभा साधारणपणे 2 ऑक्टोबरपासून सुरू होतात. त्याआधीच्या महिला सभेत आपण तीन ठराव मांडावेत: शेवटच्या नळावरील क्लोरीनची नोंद दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणे, वाहिनीवरील गळती आणि व्हॉल्व्हच्या कुंड्यांची दुरुस्ती, आणि अंगणवाडीला चालू स्थितीतील वजनकाटा. ठरावावर सूचक व अनुमोदक म्हणून वस्तीवरील महिलांची नावे घ्यावीत आणि इतिवृत्ताची प्रत त्याच दिवशी मागून घ्यावी.