अळणी डबा आणि आतड्याची सूज

आतड्याला सूज असलेल्या रुग्णांच्या घरून मला हमखास येणारा प्रश्न मिठाचा असतो. लातूरला शिकवणीसाठी राहणाऱ्या 19 वर्षांच्या एका मुलाच्या आईनेही तोच विचारला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

शौचावाटे रक्त जायचं, ते मूळव्याध समजून आधी घरगुती उपाय झाले. मग कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून मोठ्या आतड्याची तपासणी झाली आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज आणि जखमा. आतड्याची सूज उतरवणाऱ्या मेसालामाइनच्या गोळ्या आणि काही आठवड्यांसाठी स्टिरॉइड सुरू झालं. तेवढ्यात कुणीतरी मोबाइलवर दाखवलं, की मीठ आतडं जाळतं. त्या दिवसापासून गावाहून येणारा डबा अळणी झाला.

"मीच लोणचं-भाकर देत आले हो मॅडम. लेकराला आजार माझ्याच हातानं लागला का?"

मिठाआधी मला याचंच उत्तर द्यायचं होतं. "नाही, ताई. हा आजार लोणच्याने होत नाही. अनुवंशिकता, शरीराची प्रतिकारशक्ती, आतड्यातले जंतू, राहणीमान असं बरंच काही त्यात गुंतलेलं असतं. कुठल्या आईच्या हाताने तो लागत नसतो." त्यांनी पदराने डोळे पुसले. हे अपराधीपण मला फार घरांत दिसतं, आणि रुग्णाच्या जेवणावर त्याचं ओझं पडतं.

आता मीठ. ही भीती अगदी हवेतून आलेली नाही. 2013 साली 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या दोन अभ्यासांत जास्त मिठामुळे टीएच-17 या दाह वाढवणाऱ्या पेशी वाढताना दिसल्या. पुढे उंदरांना भरपूर मीठ दिल्यावर त्यांचा कोलायटिस बळावला. पण उंदरांना दिलेलं प्रमाण आपल्या वरणातल्या मिठाशी जुळत नाही, आणि अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या, दीर्घ अभ्यासात सोडियमचा या आजाराशी थेट संबंध आढळला नाही. उलट 2021 साली 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, भारतासह 21 देशांतल्या लाखाहून जास्त लोकांच्या अभ्यासात पाकीटबंद खारे पदार्थ, शीतपेये आणि प्रक्रिया केलेलं मांस जास्त खाणाऱ्यांमध्ये आतड्याच्या सुजेचे आजार जास्त दिसले. नेमकं कारण मीठ, की पाकिटातलं आणखी काही, हे त्यावरून ठरत नाही.

मी मुलाला विचारलं, "डबा संपतो का रे?"

तो खाली बघत म्हणाला, "अळणी जात नाही, मॅडम. मग खाली दुकानातून चिप्स घेतो."

म्हणजे घरचं अन्न सुटलं, वजन उतरलं, आणि ज्याच्यावर संशय घ्यावा तेच पोटात चाललं होतं. शिवाय एप्रिलचं लातूरचं ऊन आणि दिवसातून सहा-सात वेळा पातळ शौच. पाण्याबरोबर सोडियमही जात होतं. पिंडऱ्यांत गोळे यायचे, उठताना चक्कर यायची.

डॉक्टरांशी बोलून आम्ही ठरवलं ते असं: भाजी-वरणात नेहमीपेक्षा थोडं कमी, पण चव लागेल एवढं मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी सांगते, साधारण एक छोटा चमचा, आणि त्यात पापड, फरसाण, लोणचं सगळं धरायचं. पापडखारातही सोडियमच असतं. सैंधव वापरलं म्हणजे मोकळीक मिळाली असंही नाही, तेही मीठच. स्टिरॉइडमुळे शरीरात पाणी आणि मीठ साठतं, रक्तदाब वाढू शकतो, म्हणून ते चालू असेपर्यंत हात आखडताच.

मात्र जुलाब वाढले तर ओआरएसची 1 लिटरसाठीची पुडी 1 लिटर पाण्यात पूर्ण टाकून थोडं थोडं प्यायचं. तिथे मिठाला घाबरायचं नाही. त्यातली साखर आणि मीठ मिळूनच आतडं पाणी शोषून घेतं. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आणि आतड्याचं ऑपरेशन होऊन पोटावर पिशवी लावलेल्यांनी प्रमाण डॉक्टरांनाच विचारावं. पिशवीतून मीठ बरंच जातं, त्यांचा हिशोब वेगळा.

तिखट ठेचा, कच्चं सॅलड त्रास शमेपर्यंत बाजूला ठेवायला सांगितलं. मऊ भात, वरण, अंडं, दुधी, सोसत असेल तर ताक. आईने विचारलं, "लोणच्याची फोड?" मी म्हटलं, त्रास थांबला की एखादी, रोज नको.

गोळ्या मात्र बरं वाटलं तरी बंद करायच्या नाहीत, आणि स्टिरॉइड स्वतःहून तर कधीच थांबवायचं नाही. ताप आला, रक्त वाढलं, पोट फुगून दुखायला लागलं किंवा लघवी कमी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हे मी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, कारण तो खोलीवर एकटा राहतो.