ध्यान की अबोला?

मावशी,
मी फोंड्याजवळ राहते, कुंडईला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. देव, पुनर्जन्म मनाला पटत नाहीत, पण मोबाईलवर ऐकून बुद्धाचे ध्यान करू लागले. डोळे मिटून बसले की झोप येते, उघडले की कामे दिसतात. म्हणून संध्याकाळी अंगणात सावकाश फेऱ्या मारते. नवरा म्हणतो, "रोबोट झालीस काय?" सासूबाईंना वाटते मी धर्म बदलणार. "हे हणजूण-मोरजीच्या गोऱ्यांचे खूळ" असेही म्हणतात. चवथ जवळ आली, आरतीला उभी राहू की नको? एक मात्र चांगले झाले. पूर्वी मी भांडायचे, आता राग आला की नुसती बघते आणि गप्प राहते. गेल्या चवथीला माझे माहेरी जायचे ठरले होते, नणंद येणार म्हणून नवऱ्याने ऐनवेळी मोडले, तरी मी एक शब्द बोलले नाही. यंदाही तेच दिसते आहे. मैत्रीण म्हणते, दहा दिवसांचे मौनाचे शिबिर कर. करू का?
— सावकाश चालणारी

अगो, जी गोष्ट तू "चांगली झाली" म्हणून लिहिलीस, नेमकी तिचीच मला काळजी वाटते. तिथे येतेच. आधी चालण्याचे बोलू, कारण ते तू बरोबर धरले आहेस.

ध्यान म्हणजे मांडी घालून बसणे, हे आपल्या डोक्यात मूर्ती बघून बघून बसले आहे. पाली सुत्तांत, म्हणजे बुद्धाच्या जुन्या उपदेशांत, चालणे, उभे राहणे, बसणे आणि आडवे होणे या चारही अवस्था साधनेच्या मानल्या आहेत. चालत करायच्या ध्यानाला चंक्रमण म्हणतात. अंगुत्तर निकाय या त्यांच्याच एका संग्रहात त्याचे पाच फायदे दिले आहेत: लांबच्या वाटचालीची ताकद येते, कष्टाची तयारी होते, आजार कमी होतात, खाल्लेले पचते आणि चालताना साधलेली एकाग्रता पुष्कळ टिकते. समाधीच्या शेजारी पचनाला जागा देणारी ही मंडळी मला फार आवडतात. दिवसभर उभी राहून आलेल्या बाईला डोळे मिटल्यावर झोप येणारच. ती खुशाल घे.

तुळशीपासून फाटकापर्यंत पंधरा-वीस पावले असतील तर तेवढी वाट पुरे. नजर चार-पाच हात पुढे जमिनीवर ठेव आणि लक्ष तळपायात: टाच उचलली, पाय पुढे गेला, टेकला, अंगाचा भार त्याच्यावर आला. टोकाला पोचलीस की थांब, उभी आहेस हे जाणव, मग वळ. मन नणंदेकडे धावले तर धावले, परत तळपायाशी यायचे. मंद चालण्याची सक्ती कुठेच नाही. ब्रह्मदेशातल्या काही परंपरांत पाऊल अगदी हळू टाकतात, थायलंडचे अरण्यवासी भिक्षू साध्या चालीने चालतात. तू साध्या चालीने चाल, नवऱ्याला रोबोट दिसायचा नाही. पावसाळ्यात मात्र अंगण सोडून पडवीत ये. शेवाळ धरलेल्या चिऱ्यांवर चंक्रमण केलेस तर थेट हाडाच्या डॉक्टरकडे पोचशील.

बाकी दिवसभर संधी आहेतच. फोंड्याच्या तिस्कावर बसची वाट बघताना भार कुठल्या पायावर आहे, खांदे कानाकडे चढलेत का, एवढे बघितले तरी झाले. आदोळीवर (आपल्या विळीवर) सोय, म्हणजे ओले खोबरे, किसताना खोबरे संपत आले, करवंटी लागू लागली, की आवाज बदलतो आणि किसात काळे पडायच्या आत हात नारळ फिरवतो. हे तुला कोणी शिकवले? त्या घडीला तू सगळी तिथेच असतेस. कारखान्यात पट्टा चालू असताना मात्र लक्ष पट्ट्यावर, तळपाय-बिळपाय तिथे नको.

पुनर्जन्म पटत नाही म्हणून अडून बसू नकोस. अमेरिकेत १९७९ मध्ये जॉन कॅबट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जुनाट दुखण्यांच्या रुग्णांना ध्यान आणि योगासने शिकवायला सुरुवात केली, तिथे कोणाला श्रद्धा विचारली जात नव्हती. आणि त्याच्या कितीतरी आधी केसपुत्त गावच्या कालाम लोकांना खुद्द बुद्धाने सांगितले होते की परलोक असेल तर चांगले वागणाऱ्याला तिथेही लाभ, नसेल तर याच आयुष्यात तो वैराशिवाय सुखाने जगतो. फक्त त्याच उपदेशाची दुसरी बाजू लोक सोयीने विसरतात. लोभ, द्वेष आणि मोह यांनी नुकसान होते की नाही, हे स्वतःच्या वागण्यात तपासून बघ, असेही तिथेच सांगितले आहे. ते तपासणे जड असते.

सासूबाईंना हसू नकोस. गोव्यात ही भीती उगाच आलेली नाही, पोर्तुगीज काळातल्या बाटवाबाटवीच्या गोष्टी त्यांनी आजीच्या तोंडून ऐकल्या असतील. त्यांना सरळ सांग, "मी धर्म बदलत नाही, मन ताळ्यावर ठेवायला चालते." गोऱ्यांचे खूळ म्हणाल्या तर डिचोलीजवळची लामगावची बौद्ध लेणी दाखवून आण. १९३० मध्ये कोलवाळच्या मुशीर वाड्यावर इतिहास संशोधक फादर हेरास यांना बुद्धमूर्ती सापडली होती हेही सांग. आणि धर्मानंद कोसंबी तर आपल्या साखवाळचे, बुद्धाच्या शोधात १८९९ ला घर सोडून निघाले आणि १९०२ मध्ये श्रीलंकेत भिक्षू झाले. (घरी बायको होती, तान्ही मुलगी होती. पुरुषांना असे निघता येते. तुला आठला कुकर लावायचा असतो.)

चवथीचे सोपे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांबरोबर बौद्ध धर्म स्वीकारताना ज्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यांनी गौरी-गणपतीला न मानण्याचेही जाहीर वचन दिले आणि ते पाळणाऱ्यांचा मला आदर आहे. तू असे काही वचन दिलेले नाहीस. माटोळी (गणपतीच्या वरची फळाफुलांची चौकट) बांध, सुपारीचे शिपटे आणि घागऱ्या ओळीत लाव, आरतीला उभी राहा. मनात काय आहे ते कोणी विचारले तर खोटे बोलू नकोस, एवढेच.

आता गप्प राहण्याचे. सतिपट्ठान सुत्त या बुद्धाच्या ध्यानावरच्या उपदेशात जाणीवपूर्वक करायच्या गोष्टींची यादी आहे: पुढे जाताना, मागे येताना, हात वाकवताना, खाताना, पिताना, अगदी शौचालासुद्धा. यादीच्या शेवटी येते, बोलताना आणि गप्प राहताना. दोन्ही. तू यातले एकच उचललेस. राग आला तो बघितलास, ठीक. पण तो काय म्हणत होता? माझे माहेर दरवर्षी शेवटी का, असे म्हणत होता ना? मग ते नवऱ्याच्या कानावर कधी जाणार? माणूस एकटाच असेल तर त्याला धम्म लागत नाही, दोन माणसांचा संबंध आला की लागतो, असे बाबासाहेबांनी मांडले होते. तुझ्या स्वयंपाकघरात तर तीन माणसे आहेत. तिथे तू ध्यानाच्या नावाखाली अबोला धरला आहेस, आणि नवऱ्याला वाटते बायको शांत झाली. त्याला कोणी सांगितलेलेच नाही, तर त्याने ओळखायचे कसे?

बोलायचे कसे, यालाही जुनी पाच लक्षणे आहेत: वेळ बघून, खरे, मृदू, उपयोगाचे आणि मनात सद्भाव ठेवून. वेळ म्हणजे तो स्कूटर लावत असतानाची नव्हे. रविवारी शीत-कडी जेवून पडवीत टेकला की बस शेजारी. "गेल्या चवथीला मला फार लागले होते, मी बोलले नाही. यंदा दुसऱ्या दिवशी मी माहेरी जाणार. वन्संना काय करून ठेवायचे ते आत्ता ठरवू." एवढेच बोल, जुनी खाती काढू नकोस. बोलताना छाती धडधडेल, पाय जमिनीला टेकलेले आहेत तिकडे थोडे लक्ष ठेव. तो चिडला तर चिडू दे, तुझे वाक्य मागे घेऊ नकोस. आणि बोलणे म्हणजे मारहाणीला निमंत्रण, अशी परिस्थिती असेल, तर हा सल्ला बाजूला ठेव आणि मला लगेच पुन्हा लिही.

राहिले शिबिर. विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे चांगली असतात, फी नसते, पहाटे चारला उठवतात, दिवसाचे दहाएक तास बसवतात. बसल्यावर झोपणाऱ्या आणि आधीच घरात गप्प असलेल्या बाईला यंदा त्याची घाई नको. रजा शिल्लक असेल तर ती माहेरासाठी टाक.