हा काटा तुमच्याकडे ठेवा

त्या माझ्याकडे समुपदेशनासाठी पहिल्यांदा आल्या तेव्हा हातात एक मोठी कापडी पिशवी होती. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी पिशवीतून चादरीत गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. चादर उलगडली तर आत वजनकाटा.

"हा तुमच्याकडे ठेवा. घरात असला की मला झोप लागत नाही. आणि टाकून द्यायचीही हिंमत होत नाही."

मी तो उचलून कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि मग आम्ही बोलायला बसलो. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. हे लिहिण्याला त्यांचा होकार आहे. किंबहुना, "लिहाच," असं त्यांनीच सांगितलं.

वय 43. अडीच वर्षांपूर्वी त्यांचं वजन 108 किलो होतं. रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर, गुडघे दुखायला लागलेले. डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली 14 महिन्यांत त्यांनी 34 किलो वजन उतरवलं आणि 74 वर आल्या. आठ महिने आकडा तिथेच राहिला. मग हळूहळू चढायला लागला. ज्या सकाळी 79 दिसले, त्या सकाळपासून त्या काट्यावर उभ्याच राहिल्या नव्हत्या. त्याला आता तीन महिने झाले होते.

"सगळं परत येणार का हो? शेवटी येरे माझ्या मागल्याच होणार असेल, तर मी एवढा जीव काढला कशासाठी?"

खूप वजन कमी केलेल्या माणसांकडून मी हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा ऐकते. विचारताना बहुतेकांचा आवाज खाली गेलेला असतो, जणू चोरी पकडली गेली आहे.

उत्तर देण्याआधी मी काही गोष्टी न चुकता विचारून घेते. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढता का? दिवसच्या दिवस उपाशी राहता का? खायला लागल्यावर स्वतःला थांबवता येत नाही, असं होतं का? जगणं नको वाटतं का? यांपैकी कशालाही होकार आला तर वजनाचा विषय मागे पडतो आणि आधी मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी लागते. त्यांनी एवढंच सांगितलं की आठवड्यातून एक-दोनदा, घरातले सगळे झोपल्यावर, त्या अंधारात स्वयंपाकघरात उभ्या राहून खातात. दिवा लावत नाहीत. त्यांना मी पुन्हा डॉक्टरांकडे पाठवलं. थायरॉईड बिघडलं की वजन वाढू शकतं, काही औषधांनीही वाढतं, आणि अशा वेळी मनाला दोष देत बसणं हा अन्याय असतो. त्यांच्या तपासण्यांत तसं काही निघालं नाही.

"म्हणजे खोट माझ्यातच आहे," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी मी त्यांना 1944-45 साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात झालेल्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं. ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने 36 निरोगी तरुणांना 24 आठवडे जवळजवळ निम्म्या आहारावर ठेवलं होतं. त्यांचं सुमारे पाव वजन उतरलं. मुळात त्यांच्यात कोणीही लठ्ठ नव्हतं, आणि निश्चयाला तर ते पक्के होते. तत्त्वासाठी युद्धात शस्त्र उचलायला नकार दिलेली माणसं ती. तरी त्यांच्या डोक्यात दिवसरात्र अन्नाशिवाय दुसरं काही राहिलं नाही. काही जण पाककृतींची पुस्तकं गोळा करायला लागले. पुन्हा पोटभर जेवायची मुभा मिळाल्यावरही कित्येकांची भूक शमेना.

2011 साली मेलबर्नच्या संशोधकांनी 50 स्थूल माणसांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरींच्या आहारावर ठेवून वजन उतरवलं आणि मग वर्षभर त्यांचा मागोवा घेतला. तृप्तीची खबर मेंदूला देणारं लेप्टिन घटलेलं होतं, भूक पेटवणारं घ्रेलिन वाढलेलं होतं, आणि वर्ष उलटून गेल्यावरही ही संप्रेरकं पूर्वपदावर आलेली नव्हती. आणखी एक हिशेब मी अनेकांना सांगते. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीर दिवसाला साधारण 20 ते 30 कॅलरी कमी खर्च करतं, पण भूक मात्र साधारण 100 कॅलरींनी वाढवतं. मोठ्या घटीला हा आकडा सरळ गुणायचा नसतो. पण शरीराचा ओढा कोणत्या दिशेला आहे, ते त्यातून कळतं. घटलेलं वजन ही त्याच्या लेखी आपत्ती असते आणि गेलेला साठा ते परत मागत राहतं.

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मला हे आधी कोणी का नाही सांगितलं? मला वाटत होतं, चौदा महिने जमलं, म्हणजे आता फक्त बिघडवायचं नाही."

वजन उतरवणं आणि ते टिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्या कामात रोज काहीतरी घडत असतं. आकडा खाली येतो, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागतं, भेटेल तो माणूस कौतुक करतो. दुसऱ्या कामात काहीच घडत नाही. आज 74, उद्या 74, सहा महिन्यांनी 74. मेहनत तेवढीच आणि भूक थोडी जास्त, पण टाळ्या थांबलेल्या. "आजही वजन वाढलं नाही" म्हणून अभिनंदनाचा फोन कोणी करत नाही. या सुन्या टप्प्याची तयारी कोणी करून घेत नाही आणि माणसं नेमकी तिथेच एकटी पडतात. मला याची मनापासून खंत वाटते.

"मग टिकतं तरी कोणाचं?" त्यांनी विचारलं. टिकतं. अमेरिकेत 1994 साली एक नोंदवही सुरू झाली. किमान 13.6 किलो वजन कमी करून ते वर्षभर तरी टिकवलेल्या माणसांचीच तिच्यात नोंद झाली, आणि अशा दहा हजारांहून जास्त लोकांनी आपली माहिती दिली आहे. त्यांची सरासरी घट 30 किलोंच्या आसपास आहे आणि ती सरासरी पाच वर्षांहून जास्त टिकलेली आहे. हे लोक आपणहून पुढे आलेले, त्यामुळे शंभरातल्या किती जणांना हे जमतं, ते या नोंदवहीवरून सांगता येत नाही. पण ते काय करतात ते कळतं. बहुतेक जण रोज सरासरी तासभर अंग हलवतात, आणि चारांतले तीन जण आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहतात. दोन वर्षं पार पडली की पुढे टिकण्याची शक्यता बरीच वाढते, असंही या नोंदींत दिसलं.

काट्याचा उल्लेख आला तशा त्या माझ्या कपाटाकडे पाहायला लागल्या. मी विषय तिथेच सोडला.

त्याऐवजी एक वही सुरू करायला सांगितली. काय खाल्लं, किती खाल्लं, यातलं काहीच लिहायचं नाही. ज्या रात्री अंधारात खाल्लं जाईल, त्या दिवशी आधी काय काय घडलं, तेवढंच लिहायचं. तीन आठवड्यांत पाच नोंदी झाल्या. आम्ही त्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या तेव्हा मीही थबकले. भांडण, थकवा, कामाचा ताण असं काहीतरी निघेल, असा माझा अंदाज होता. पण पाचपैकी चार दिवशी कोणीतरी त्यांच्या शरीराबद्दल बोललं होतं, आणि चारांतल्या तीन वेळा ते कौतुक होतं.

"किती छान दिसतेस! आता हे असंच ठेव."

ते वाक्य त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं. मग त्यांना रडू फुटलं, आणि त्या रडण्यात दुःखापेक्षा राग जास्त होता. ज्या कार्यालयात त्या पंधरा वर्षं काम करतात, तिथला एक वरिष्ठ एवढ्या वर्षांत कधी मान वर करून त्यांच्याशी बोलला नव्हता. आता तो दार धरून उभा राहतो, बैठकीत त्यांचं मत विचारतो. "मी तीच आहे ना? हेच मत मी आधीही मांडत होते. मग तेव्हा मी दिसत नव्हते का? तेव्हा तर 108 किलोंची होते!"

मोठं वजन उतरलेल्या माणसाला जग अचानक चांगलं वागवायला लागतं. आपल्याला वाटतं, यात आनंदच असणार. पण त्या चांगुलपणातून आधीची वागणूक किती हलकी होती, तेही पहिल्यांदाच स्वच्छ दिसतं. शिवाय प्रत्येक कौतुकाला एक न बोललेली अट चिकटलेली असते, की हे टिकलं तरच. त्यांच्यासाठी सगळी माणसं परीक्षक झाली होती, आणि काटा तर सगळ्यांत कडक. रात्रीचं अंधारातलं खाणं ही दिवसातली एकमेव जागा होती, जिथे कोणी त्यांच्याकडे पाहत नव्हतं. दिवा का लावत नाहीत, ते मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतरची तीन सत्रं आम्ही वजनावर बोललोच नाही. त्या रागावर बोललो, आणि 108 किलोंच्या त्या बाईबद्दल बोललो. तिला त्या स्वतःसुद्धा नावं ठेवत होत्या. नोकरी, घर, मुलं सगळं तिनेच सांभाळलं होतं, आणि चौदा महिन्यांची मेहनत सुरू करणारीही तीच होती. कोणी शरीराबद्दल बोललं की काय म्हणायचं, तेही ठरवलं. "वजन सोडून दुसरं काही बोलूया का?" हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर हसत न हसत कितीतरी वेळा म्हणून पाहिलं. पहिल्यांदा बहिणीला म्हणाल्या. बहीण दुखावली, आणि मग सावरली.

सातव्या भेटीत त्या स्वतःच म्हणाल्या, "काढा तो काटा."

मी तो जमिनीवर ठेवला. त्यांनी चपला काढल्या, एक पाय ठेवला, मागे घेतला, आणि मग एकदम दोन्ही पाय ठेवून उभ्या राहिल्या. 82.4.

बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिल्या. "मला वाटलं होतं नव्वदच्या पुढे असेल," त्या म्हणाल्या. इतक्या महिन्यांच्या भीतीने त्यांच्या मनात खऱ्यापेक्षा जास्त किलो चढवले होते.

मग आम्ही 74 या आकड्याची चौकशी केली. तो आला कुठून? त्यांच्या लग्नाच्या वेळचं वजन ते. त्या आठ महिन्यांत केस गळत होते, सतत थंडी वाजत होती आणि डोक्यात भुकेशिवाय काही नव्हतं, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. डॉक्टरांशी बोलून 80 च्या आसपासचं वजन ठरवलं. 108 वरून 82 म्हणजेही 24 टक्के घट झाली. मधुमेह टाळण्यासंबंधीचा अमेरिकेतला मोठा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला, त्यात वजनात फक्त 7 टक्के घट आणि आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम एवढंच लक्ष्य होतं. त्यातून मधुमेहाची शक्यता 58 टक्क्यांनी कमी झाली. या बाईंची साखर अजूनही ठीक होती. पाच-आठ किलो परत आले म्हणजे सगळं वाहून गेलं, हा समज जितक्या लवकर सुटेल तितकं बरं. "आता बुडालेच आहे तर बुडू दे" म्हणून सगळं सोडून देणं, हे त्या पाच किलोंपेक्षा जास्त महागात पडतं.

2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातली कल्पना आम्ही वापरली. अलीकडेच वजन कमी केलेल्या 314 जणांपैकी काहींना नियमित वजन करून रंगांच्या पट्ट्यांनुसार वागायला आणि गटात प्रत्यक्ष भेटत राहायला शिकवलं होतं. दीड वर्षात सव्वादोन किलो किंवा त्याहून जास्त वजन परत आलेल्यांचं प्रमाण त्या गटात 46 टक्के होतं. नुसती माहितीपत्रकं मिळालेल्यांत 72 टक्के. आम्ही त्यांच्यापुरत्या पट्ट्या आखल्या. 82 पर्यंत हिरवा, काही करायचं नाही. 82 ते 84 पिवळा, आधीच लिहून ठेवलेली तीन कामं दोन आठवडे करायची: रात्रीचं जेवण बसून आणि दिवा लावून, संध्याकाळचं बंद पडलेलं चालणं पुन्हा सुरू, झोप सात तास. 84 च्या पुढे लाल. लालमध्ये एकटीने काहीच करायचं नाही, त्याच आठवड्यात मला किंवा आहारतज्ज्ञांना फोन करायचा. वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या सकाळी. शरीरातलं पाणी, मीठ आणि पाळी यांनी एक-दोन किलो सहज इकडेतिकडे होतात, म्हणून एका आकड्यावर घाबरायचं नाही.

ही पद्धत मी सगळ्यांना सुचवत नाही. खाण्याच्या विकाराचा इतिहास असेल तर काटा घातकच ठरू शकतो.

भूक कमी करणारी इंजेक्शनं घेणारे लोकही हल्ली हीच काळजी घेऊन येतात. ती खरंच काम करतात. पण सेमाग्लुटाइड या अशाच एका औषधाच्या अभ्यासात औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग परत आला, कारण शरीराचा ओढा तोच राहतो. म्हणून "आता स्वतःच्या बळावर टिकवून दाखवते" या हट्टापायी औषध परस्पर बंद करू नका. तो निर्णय डॉक्टरांबरोबर बसून घ्या. औषध लागणं यात कमीपणा नाही.

नवव्या भेटीनंतर त्या काटा घरी घेऊन गेल्या. चादर लागली नाही.

जवळजवळ वर्षाने एका सकाळी फोन आला. सासूबाईंचं आजारपण, रात्रीची जागरणं, चालणं महिनाभर बंद.

"84.6 आहे. लाल पट्टी."

"कधी बघितलंत?"

"आत्ता. अजून काट्यावरच उभी आहे."

मी त्यांना गुरुवारी चार वाजताची वेळ दिली.