विचारा, सांगते : सीझरला काय नेसवू?

प्रश्न : आमची हौशी संस्था 'ज्युलियस सीझर' मराठीतून बसवते आहे. काही जण म्हणतात, पांढऱ्या चादरी गुंडाळून सगळ्यांना रोमन करा. दिग्दर्शकांना शेक्सपिअरच्या वेळी होतं तसं हवंय. तेव्हा नेमकं काय घालत? गर्दीतल्या कामगारांना काय द्यायचं? बजेट अगदी बेताचं आहे.
– एक वाचक, सांगली

उत्तर : तीस वर्षं नाटकांचा कपडेपट सांभाळला, त्यामुळे तुमचं पत्र वाचून हात शिवशिवले. दिग्दर्शकांचं ऐका. शेक्सपिअरचा सीझर निव्वळ रोमन नव्हताच. संहितेत बघा, कटातला एक जण, कास्का, सांगतो की सीझरने डब्लेट उघडून लोकांपुढे गळा केला. डब्लेट म्हणजे राणी पहिल्या एलिझाबेथच्या लंडनमधल्या पुरुषाचं अंगाला घट्ट बसणारं जाकीट.

सप्टेंबर १५९९मध्ये थॉमस प्लॅटर हा स्विस प्रवासी थेम्स ओलांडून सीझरचं नाटक बघून आला. त्याने लिहून ठेवलंय की एक पेनी दिली की उभं राहून बघायचं, आणखी एक दिली की बसायला जागा, तिसरी दिली की गादी. आपल्याकडे पिटातला प्रेक्षक म्हणत ना, तसा हा पेनीवाला, रंगमंचाला अगदी खेटून उभा. खेळ भरदुपारी, उन्हाच्या उजेडात. देखावे जवळपास नाहीतच. मग डोळ्यांत भरायचे ते कपडे, आणि मंडळ्या पैसा तिथेच ओतत. एडवर्ड अॅलन या नटाने बाह्यांवर सोन्याचांदीचं भरतकाम असलेला काळ्या मखमलीचा एक झगा २० पौंड १० शिलिंग ६ पेनीला घेतला होता. लंडनच्या कुशल कारागिराची दिवसाची मजुरी साधारण १२ पेनी, म्हणजे एका झग्यात त्याच्या चारशेहून जास्त दिवसांची कमाई. नवीन नाटक लिहून देणाऱ्याच्या हातावर त्या काळात सहा पौंडांच्या आसपास टेकवत!

बरं, हे कपडे यायचे कुठून? तेही प्लॅटरच सांगतो. मोठे उमराव मरताना आपले उत्तम कपडे नोकरांना ठेवून जात. नोकराने ते घालणं शोभायचं नाही, म्हणून तो ते नटांना थोडक्या पैशांत विकून टाकी. कुठल्या दर्जाच्या माणसाने कुठलं कापड घालायचं याचे सरकारी हुकूमच होते, १५७४चा तर फार तपशीलवार. रेशीम, मखमल, जर, सगळ्याची पायरी ठरलेली. त्या लंडनमध्ये सुताराच्या हाताखालचा पोरगा एक पेनी देऊन खऱ्या उमरावाच्या अंगावरची खरी मखमल दोन हातांवरून बघत होता, आणि ती ज्याच्या अंगावर होती तो नट कायद्याच्या नजरेत कुणा सरदाराचा आश्रय नसेल तर भटक्याच. मला हे फार मोलाचं वाटतं. कपडेपटाच्या पेटीशी बसणाऱ्या बाईला तर वाटणारच.

आता कामगार. पहिल्याच प्रवेशात फ्लेवियस हा रोमन अधिकारी त्यांना दरडावतो, कामाच्या दिवशी धंद्याची खूण न घेता कसे फिरता? सुताराला विचारतात, तुझा चामड्याचा एप्रन कुठे, मोजपट्टी कुठे? म्हणजे या प्रवेशात त्यांच्या अंगावर एप्रन नकोत, ठेवणीतले कपडे हवेत. डोक्याला लोकरीची टोपी द्या. १५७१च्या कायद्याने सहा वर्षांवरच्या सामान्य माणसाला रविवारी नि सणाला इंग्लंडात बनलेली लोकरीची टोपी सक्तीची होती, नाहीतर दिवसाला ३ शिलिंग ४ पेनी दंड. विणकाम येणारी एखादी मावशी गाठा, आठ-दहा टोप्या करून देईल. त्या नव्या दिसू देऊ नका, गरम पाण्यात चोळून आटवा. पुढे कास्का सांगतो, गर्दीने घामट टोप्या हवेत उडवल्या. त्या ह्याच.

पैसे सगळ्यांवर सारखे वाटू नका. सीझरला एक झगा खऱ्या मखमलीचा करा, जुन्या पडद्याची मिळाली तरी चालेल. ब्रूटस, कॅशस यांच्या गळ्याला झालर हवी. ती पुठ्ठ्याची नको, मान वळली की मोडते. ऑर्गंडीची पट्टी घ्या, दाट खळ घाला, आणि ओलसर असतानाच लोखंडी सळईवर एकेक घडी गोल करा. त्या काळीही तापवलेल्या सळईवरच करत. तालमीला ती घालायला देऊ नका. घामाने खळ उतरते आणि प्रयोगाच्या दिवशी गळ्यात ओलं फडकं लोंबतं.