खाऱ्या पाण्यातला मासा विकत घेताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गोड्या पाण्यातले मासे मी बरीच वर्षे पाळत आलो आहे. गेल्या वर्षी खाऱ्या पाण्याची टाकी सुरू केली. अमोनिया आणि नायट्राइट यांच्या चाचण्या नियमितपणे शून्य येतात, तापमानही स्थिर असते. तरीही दुकानातून आणलेल्या पाच माशांपैकी तीन महिनाभरात दगावले. त्यांतला टँग (चपट्या अंगाचा, भडक रंगाचा मासा) तर दुकानात सर्वांत तेजस्वी दिसत होता. निरोगी मासा दुकानातच ओळखता येतो का?

उत्तर : बऱ्याच अंशी येतो, मात्र त्यासाठी रंगावरची भिस्त सोडावी लागते. आपण लिहिले आहे त्यावरून पाण्यात दोष दिसत नाही. तो त्याआधीच्या प्रवासात शोधायला हवा. गोड्या पाण्यातले बहुतेक शोभिवंत मासे तळ्यांत वा हौदांत पैदास केलेले असतात, तर खाऱ्या पाण्यातले बहुतेक मासे आजही प्रवाळखडकांवरून पकडून आणले जातात. पकडणारा, मध्यस्थ, निर्यातदार, विमान, आयातदार आणि मग दुकान अशा वाटेने येताना पिशवीतले पाणी घाण होऊ नये म्हणून त्यांना उपाशीही ठेवले जाते. आपण मासा पाहतो तो या साऱ्यातून गेल्यानंतर, आणि त्यामुळे घरी आल्यावर महिन्याभरात मेलेला मासा पुष्कळदा दुकानात असतानाच खचू लागलेला असतो.

रंगाविषयी मी एवढा साशंक असण्याचे एक कारण सायनाइड हे आहे. फिलिपिन्समध्ये १९६०च्या दशकात सोडियम सायनाइडचे द्रावण प्रवाळांच्या फटींत फवारून मासे बधिर करून पकडण्याची पद्धत सुरू झाली आणि पुढे ती इंडोनेशियातही पसरली. असा मासा चमकदार दिसू शकतो, खाऊही शकतो आणि तरीही काही आठवड्यांत मरू शकतो. नुसत्या नजरेने तो ओळखण्याची कोणतीही खात्रीची रीत ग्राहकाच्या हाती नाही. मासा कुठून आला आणि कसा पकडला, हे विचारल्यावर नीट उत्तर देणारा दुकानदार शोधणे, इतकेच आपण करू शकतो.

आता प्रत्यक्ष पाहणीविषयी. काचेला नाक लावून उभे राहू नये. माणूस जवळ आला की भित्रा मासा लपतो आणि धीट मासा अन्नाच्या आशेने पुढे येतो, म्हणजे दोघांचीही खरी अवस्था कळत नाही. दोन पावले मागे, पाच-दहा मिनिटे स्वस्थ उभे राहावे आणि सर्वांत आधी श्वास पाहावा. कल्ल्यांची उघडझाप त्याच जातीच्या शेजारच्या माशापेक्षा बरीच जलद असेल, एकच कल्ला हलत असेल, किंवा मासा पंपाच्या झोतासमोर तोंड करून तिथेच खिळून राहिला असेल, तर पुढची तपासणी करण्याची गरज उरत नाही. परजीवी आधी कल्ल्यांत शिरतात. अंगावर ठिपका उमटायच्या आत श्वास बिघडतो.

त्यानंतर मासा समोरून पाहावा. बाजूने गुबगुबीत वाटणारा मासा समोरून पात्यासारखा दिसू शकतो. पोट थोडे खपाटीला गेलेले असेल पण मासा खात असेल, तर ते भरून येते. डोक्यामागचा पाठीचा भाग खचला असेल, तर माशाने स्वतःचे स्नायूच खर्ची घातलेले असतात आणि असा मासा क्वचितच सावरतो. हा फरक ओळखता येऊ लागला, तरी बरेच नुकसान टळते. शेपूट वर आणि डोके खाली अशा स्थितीत, सतत धडपडत पोहणारा मासा बहुधा खोल पाण्यातून घाईने वर आणलेला असतो आणि त्याच्या वाताशयाला (पाण्यात तोल सांभाळणाऱ्या हवेच्या पिशवीला) इजा झालेली असते. तोही घेऊ नये.

यापुढची पायरी म्हणजे दुकानदाराला मासा समोर खाऊ घालायला सांगणे. यात संकोच वाटण्याचे कारण नाही. घास तोंडात घेऊन थुंकणे वेगळे आणि गिळणे वेगळे, तेव्हा शेवटपर्यंत पाहावे. फक्त जिवंत ब्राइन श्रिम्प (कोळंबीसारखे इवले जीव) खाणाऱ्या माशापेक्षा गोठवलेले मायसिस (तसेच कोळंबीसारखे बारीक जीव) किंवा दाणेदार खाद्य घेणारा मासा केव्हाही बरा. काही जातींच्या बाबतीत मात्र कितीही निरोगी मासा मिळाला तरी उपयोग नसतो. काही बटरफ्लाय फिश केवळ जिवंत प्रवाळच कुरतडतात. मँडरिन हा छोटा रंगीत मासा दिवसभर खडकावरचे कोपेपॉड, म्हणजे अगदी सूक्ष्म कवचधारी जीव, टिपत फिरतो आणि नव्या टाकीत ते पुरेसे नसल्यामुळे हळूहळू उपासमारीने मरतो. दोन्ही अतिशय देखणे असल्यामुळेच वारंवार विकले जातात आणि वारंवार मरतात.

अंगावरच्या खुणांविषयी थोडक्यात सांगतो. मिठाच्या कणांसारखे सुटे पांढरे ठिपके क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीचे, अंगावर बारीक पिठीसारखी किंवा सोनेरी धुळीसारखी छटा वेल्व्हेट या परजीवीजन्य रोगाची. ही धूळ समोरच्या प्रकाशात दिसत नाही, बाजूने धरलेल्या टॉर्चमध्ये दिसते, आणि काही दिवसांत सबंध टाकी रिकामी करू शकते. क्लाउनफिशच्या अंगावर पांढरट चिकट साय आली असेल तर ब्रूकलिनेला, आणि क्रोमिस या लहान माशाच्या कुशीवर लालसर जखम असेल तर युरोनिमा, अशा परजीवींचा संशय घ्यावा. फुलकोबीच्या तुऱ्यासारखी गाठ परांवर दिसली की ग्राहक घाबरून मागे फिरतो. ती लिम्फोसिस्टिसची, विषाणूमुळे आलेली असते आणि पुष्कळदा आपोआप जाते. म्हणजे जिची भीती वाटते ती फारशी घातक नाही, आणि घातक आहे ती धूळ मात्र नजरेतून सुटते, अशी ही उलटी तऱ्हा आहे.

आपल्याला हवा असलेला मासाच नव्हे, तर त्याच्या शेजारच्या टाक्याही पाहाव्यात. बहुतेक दुकानांत सर्व टाक्यांना एकाच यंत्रणेतून पाणी फिरते, त्यामुळे तिसऱ्या टाकीत तरंगणारा मेलेला मासा हा आपल्याही माशाचा प्रश्न असतो.

शेवटी, आवडलेला मासा त्याच दिवशी घरी आणू नये. थोडी रक्कम देऊन तो राखून ठेवावा आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा जाऊन तो खातो आहे का, हे पाहावे. प्रवासात खचलेले पुष्कळ मासे या पहिल्या दिवसांतच मरतात. राखून ठेवायला दुकानदार तयार नसेल आणि मासा दुसऱ्या कुणी नेला, तर जाऊ द्यावा.

प्रश्न : आम्ही आणलेला मासा दुकानात तीन आठवडे ठणठणीत होता. आमच्याकडे आल्यावर पाचव्या दिवशी त्याच्या अंगावर पांढरे ठिपके आले. दुकानदार म्हणतो की दोष आमच्या टाकीचा. हे खरे आहे का?

उत्तर : आपल्या टाकीत आधीपासून मासे असतील, तर ही शक्यता नाकारता येत नाही, पण दुसरी शक्यता अधिक वाटते. अनेक दुकाने माशांच्या टाक्यांत क्षारता मुद्दाम कमी ठेवतात. समुद्राच्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व (गोड्या पाण्याच्या तुलनेतली घनता, जिच्यावरून क्षारता कळते) साधारण १.०२५ असते, तर दुकानात ते १.०१८ ते १.०२० इतके आढळू शकते. त्याने मीठ वाचते आणि परजीवींचा जोरही थोडा ओसरतो. जोडीला पाण्यात तांब्याचे औषधही अल्प प्रमाणात सोडलेले असते. ते परजीवी दाबून धरायला पुरते, मारायला पुरत नाही. मासा तांबे नसलेल्या पाण्यात आला की दबलेला रोग वर येतो. यात दुकानदाराची लबाडीच असते असे नाही. जिथे वारंवार नवे मासे येतात तिथे हा उपाय केला नाही, तर एका आजारी माशामुळे सगळे दुकान आजारी पडेल. मात्र क्षारता किती आणि तांबे आहे का, हे दोन प्रश्न विचारल्यावर त्याने खरे सांगितले पाहिजे. क्षारतेची खात्री तर पिशवीतल्या पाण्याचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षारता मोजण्याच्या उपकरणावर) ठेवून आपणही करू शकता.

ठिपके दोन-चार दिवसांत नाहीसे झाले, तर मासा बरा झाला असे समजू नये. पांढऱ्या ठिपक्यांचा हा परजीवी, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन, माशाच्या अंगावर साधारण तीन ते सात दिवस राहतो, मग गळून पडतो, तळाशी वा खडकावर कोष करतो आणि त्यातून शेकडोंच्या संख्येने नवे जीव बाहेर पडतात. काही कोष फुटायला दोन महिन्यांहून अधिक काळ लागू शकतो, म्हणूनच रोग शिरलेली टाकी सुमारे ७६ दिवस माशांवाचून ठेवण्याचा प्रघात पडला आहे. त्या मानाने नवा मासा चार ते सहा आठवडे वेगळ्या साध्या टाकीत ठेवणे फारच सोपे. तिथे आधीच मुरवलेला (म्हणजे अमोनिया पचवणारे जीवाणू ज्यात वाढले आहेत असा) स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला प्लॅस्टिक पाइपचे तुकडे एवढे पुरते. खडक आणि वाळू तिथे ठेवू नयेत, कारण चुनखडीयुक्त पदार्थ तांबे शोषून घेतात आणि औषधाचे प्रमाण राखता येत नाही. मुख्य टाकीत मात्र तांब्याचे औषध कधीही घालू नये; कोळंबी, गोगलगाई आणि प्रवाळ त्याने मरतात.

विलगीकरणाच्या टाकीची क्षारता पहिल्या दिवशी दुकानाइतकीच ठेवावी आणि मग काही दिवसांत हळूहळू वाढवावी. क्षारता कमी होणे माशाला बऱ्यापैकी सोसते. झपाट्याने वाढणे सोसत नाही.

प्रश्न : नव्या माशाला पाण्याची सवय व्हावी म्हणून पिशवीत तीन तास थेंब-थेंब पाणी सोडावे, असे मला सांगण्यात आले. ते योग्य आहे का?

उत्तर : दुकानातून अर्ध्या तासात घरी आणलेल्या माशासाठी तीन तास अनावश्यक आहेत आणि लांबून बंद पिशवीत आलेल्या माशासाठी ते घातक ठरू शकतात. पिशवीत माशाच्या श्वासामुळे कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा पीएच उतरतो आणि त्या उतरलेल्या पीएचमुळे साचलेला अमोनिया बऱ्याच अंशी निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. त्यामुळे बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवून तापमान जुळवावे, क्षारता आधीच सारखी करून ठेवलेली असावी, आणि मग मासा उचलून टाकीत सोडावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

प्रश्न : पैदास केलेला मासा घेणे अधिक सुरक्षित असते का?

उत्तर : बहुतेक वेळा होय. क्लाउनफिश, बांगाई कार्डिनल, डॉटीबॅक, काही गोबी आणि समुद्रघोडे हे मासे आज पैदास केलेले मिळतात. ते दाणेदार खाद्याला सरावलेले असतात आणि समुद्र ते दुकान हा प्रवास त्यांना करावा लागलेला नसतो. टँगची पैदास मात्र बराच काळ कुणाला साधत नव्हती. हवाईच्या ओशनिक इन्स्टिट्यूटमध्ये २०१५ साली यलो टँगची आणि फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत २०१६ साली निळ्या टँगची पिल्ले वाढवण्यात यश आले. बांगाई कार्डिनल मुळात इंडोनेशियातल्या एका लहानशा द्वीपसमूहाभोवतीच आढळतो, आणि पकडून आणलेल्या माशांत एक जीवघेणा विषाणूही असू शकतो, म्हणून हा मासा तरी पैदास केलेलाच घ्यावा.

दोन गोष्टी तपासून पाहाव्यात. दुकानदार ‘टँकमध्ये वाढवलेला’ म्हणत असेल, तर त्याचा अर्थ समुद्रातून लहानपणी पकडून टाकीत मोठा केलेला असाही असतो, तेव्हा पैदास कुणी केली ते नावानिशी विचारावे. आणि पैदास केलेला मासा दुकानाच्या सामायिक पाण्यात चार दिवस राहिला असेल, तर इतर माशांचे परजीवी त्यालाही लागलेले असू शकतात, त्यामुळे विलगीकरणाच्या टाकीतून त्यालाही सूट देऊ नये.